अकरा-तीनवरची पट्टी

“पण ते बघतं कोण?” कॉलिनने विचारलं.

इल्मा करंजीसारखी गरम पास्टी खात होती. पास्टी खाणाऱ्या माणसाला प्रश्न विचारू नये असा आमच्याकडे नियम नाही, पण असायला हवा. आतला बटाटा आणि मांस तोंड भाजतं, उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरच्याला वाटतं की हिच्याकडे उत्तरच नाही.

“बघतात,” घास गिळून ती म्हणाली.

“कोण?”

“माणसं.”

मी कॉफी ओतून घेत होतो. मी गॉर्डी, चॅनल अकरावर हवामान सांगतो. अर्धं आयुष्य सांगत आलोय आणि अर्ध्या वेळा तोंडावर आपटलोय. तरी आमच्या ग्रॅनाइट बे गावची माणसं अजून रस्त्यात हसून बोलतात, हा त्यांचा मोठेपणा. इल्मा कोस्केला आमच्या कंट्रोल रूममध्ये बसते. बातम्या कधी, जाहिरात कधी, माझा नकाशा कधी आणि तो कधी काढून टाकायचा, हे सगळं तिच्या बोटांवर. गावाला दिसतो मी, पण स्टेशन चालवते ती. बाजारात तिला कोणी ओळखत नाही आणि तिला त्याचं काही वाटतही नाही.

कॉलिन आमचा नवा मॅनेजर. आमच्या मुलखाला बाकी राज्याशी जोडणारा जो लांब पूल आहे, त्याच्या दक्षिणेकडून आलेला. आम्ही वरच्या मुलखातले लोक त्या सगळ्यांना ‘पुलाखालची भुतं’ म्हणतो, अगदी तोंडावर, आणि ते बिचारे हसून घेतात. भूत म्हणून कॉलिन वाईट नव्हता. पहिल्याच थंडीत त्याने पायात चांगले बूट घेतले होते, यावरून माणूस शिकणारा आहे हे कळत होतं. पण मालक कंपनी सांगेल ते त्याला आम्हाला सांगावं लागायचं, आणि त्या दिवशी त्याने सांगितलं की येत्या रविवारी सकाळी अकरा-तीन आपल्या हातातून जाणार.

आता हे अकरा-तीन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या गावातसुद्धा अर्ध्या लोकांना ते कळलं नव्हतं. आमच्या प्रसारणाचा नळ एकच, तोट्या तीन. अकरा-एक म्हणजे आमचा मोठा चॅनल, बातम्या आणि सामने. अकरा-दोनवर जुन्या मालिका. राहिलेल्या पाण्यात अकरा-तीन. त्यावर दिवसभर माझ्या रडारचं चित्र आणि खाली धावणारी पट्टी. कोणाचा अंत्यविधी किती वाजता, कोणाचा कुत्रा हरवला, शाळेला सुट्टी आहे का, खाडीवरचा बर्फ किती जाड. ही पट्टी इल्मा लिहायची. आणि याच अकरा-तीनचं एक धाकटं भावंड होतं, तेच चित्र, तीच पट्टी, पण फिरत्या टीव्हीसंचांसाठी. तीन-चार वर्षांपूर्वी कंपनीला साक्षात्कार झाला होता की आता टीव्ही लोकांच्या खिशात येणार, मोटारीत येणार, बसमध्ये येणार. यंत्रं बसली, केक कापला, माझा फोटो काढला. पत्त्यांच्या जोडाएवढे छोटे टीव्ही हार्डवेअरच्या दुकानात आले. वर काढायची बारीक दांडी, खाली चित्र. गाडी चालत असली तरी चित्र हलत नाही, अशी त्याची कीर्ती. मग फोनमध्येच सगळं जग दिसायला लागलं आणि त्या टीव्हींकडे कुत्रं फिरकेना. दुकानदाराने शेवटी ते हातमोज्यांच्या टोपलीत टाकले आणि गळाच्या आमिषाच्या भावात विकले.

तेव्हा ते घेतले बर्फावर बसणाऱ्यांनी. खाडी गोठली की आमचे निवृत्त पुरुष घरं सोडून बर्फावर राहायला जातात. प्रत्येकाचं पत्र्याचं खोपटं, आत शेगडी, बर्फाला भोक, भोकात गळ. पत्र्याच्या आत नेहमीचा टीव्ही धड चालत नाही, चित्र सारखं गोठतं, पण हे छोटं डबडं चालायचं. इल्माचा नवरा रेनो त्यांतलाच एक. कागदाच्या गिरणीत जन्म गेला, आणि गिरणीने जाताना त्याचे कान ठेवून घेतले.

“रविवारी अकरा-तीनवर काऊबॉयचे सिनेमे सुरू होणार,” कॉलिन म्हणाला. “चोवीस तास. त्यांना सिग्नलचा जोर जास्त हवा, म्हणून ते फिरतं प्रसारणही बंद. इल्मा, तुमच्या नोकरीला धक्का नाही, हे मी आधीच विचारून घेतलंय.”

“बर्फ निघेपर्यंत थांबा,” इल्मा म्हणाली. “मार्चअखेर खोपटी काढावीच लागतात. तोवर राहू दे.”

“कोणासाठी? एक माणूस दाखवा मला. मी वर कुठल्या तोंडाने सांगू?”

“दाखवते,” ती म्हणाली आणि उरलेली पास्टी कागदात गुंडाळली. ती पास्टी अर्धवट सोडणारी बाई नाही.

मी तिच्या मागोमाग कंट्रोल रूममध्ये गेलो. ती पडद्यांच्या भिंतीसमोर बसली होती, पाठ माझ्याकडे.

“काऊबॉय तर काऊबॉय,” मी म्हटलं. “रेनोला आवडतील.”

“गॉर्डी, हे गेलं तर मी त्याच्याशी बोलू कशी?”

मला सगळं ठाऊक होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. रेनोच्या कानात बसवायचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून होतं; घातलं की डोक्यात चमचे वाजतात म्हणे. आठ तास आमच्या यंत्रांची घरघर ऐकून इल्मा घरी जायची, आणि मग ओरडायला तिच्या अंगात जीव राहायचा नाही. एक वाक्य तीनदा ओरडायचं, आणि तिसऱ्यांदा ते इतकं लंगडं वाटायचं की कशाला बोलले असं व्हावं. पालथ्या घड्यावर पाणी. तिने स्वयंपाकघरात लिहायला फळा लावून बघितला, तर रेनोने तो काढून कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावला. “मी काय शाळेत जातो?” म्हणाला. शेवटी घरात दोनच गोष्टी बोलल्या जायच्या, जेव आणि दिवा घालव.

पण टीव्हीवरची पट्टी सगळ्यांसाठी असते. ती वाचण्यात कसला आलाय अपमान? हे इल्माच्या लक्षात आलं, आणि एक दिवस पट्टीवर कुत्रा आणि अंत्यविधी यांच्यामध्ये आलं, ‘लेक स्ट्रीटवरील रहिवाशांना विनंती, येताना राय धान्याचा पाव आणावा.’ संध्याकाळी रेनो तो पाव घेऊन घरी आला. तेव्हापासून हे चालू झालं. ‘लेक स्ट्रीटवरील रहिवाशांनी दुपारी औषध घेतलं का याची खात्री करावी.’ ‘वारा दक्षिणेचा आहे, रहिवाशांनी हट्ट न करता काठाकडे यावं.’ हा वारा मी पुरवायचो. दक्षिणेचा वारा बर्फ काठापासून तोडतो, तेव्हा त्यात विनोद नसायचा. लेक स्ट्रीटवर त्यांचं सोडून आणखी अकरा घरं आहेत. तीही बिचारी पाव आणत असतील.

नंतर नंतर तर पट्टीवर काहीही यायला लागलं. ‘रहिवाशांना कळावं की अंगणातल्या सफरचंदावर आज लाल शेपटीचा ससाणा बसला होता.’ आधीच्या मॅनेजरने एकदा विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, निसर्ग.

घरचा माणूस पुरावा म्हणून चालणार नव्हता, तेव्हा त्या मंगळवारी इल्माने पट्टीवर लिहिलं, ‘हे आपण खिशातल्या टीव्हीवर बघत असाल तर कृपया चॅनल अकराला फोन करा. प्रसारण सुरू राहण्यासाठी आवश्यक.’ दर दहा मिनिटांनी. खाली नंबर.

फोन आले. एका बाईंची मांजर हरवली होती. एकाने विचारलं, सामना किती वाजता? मिसेस ओडगर्स म्हणून एक नव्वदीच्या बाई आहेत, त्यांचं चित्र दर महिन्याला जातं आणि इल्मा त्यांना फोनवरून मेनूचं बटण कुठे, अँटेना कुठे, सगळे चॅनल पुन्हा शोधायचे कसे, हे दर महिन्याला सांगते. त्यांनीही फोन केला. “माझ्याकडे तसला टीव्ही नाही गं,” त्या म्हणाल्या, “पण तुला हवं असेल तर मी आहे म्हणते. देव माफ करील. काय रंग सांगू?” इल्माने त्यांचे आभार मानले आणि रंग सांगायची गरज नाही म्हणून सांगितलं.

खरा एकही फोन आला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. कॉलिन कंट्रोल रूमच्या दारात यायचा, इल्माच्या तोंडाकडे बघायचा आणि परत जायचा. मला वाटतं, त्याने टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती रोज जास्त जास्त थकलेली दिसत होती. “सगळे झोपतात का रे तिथे जाऊन?” तिने मला विचारलं. “निदान रेनोच्या शेजारच्या खोपट्यातला लिओ तरी?”

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात. ईस्टरआधीचा, मांस वर्ज्य असलेला उपासाचा महिना असो नसो, गाव तिथेच जेवतं. इल्मा आणि रेनो एका बाकावर, समोर मी, आणि माझ्या शेजारी लिओ बोशां. लिओचं खोपटं रेनोच्या शेजारी. पोस्टात होता. धार्मिक माणूस, ताटातल्या माशालाही आधी प्रार्थना ऐकवतो.

“लिओ,” इल्मा म्हणाली, “माझी पट्टी वाचतोस ना?”

“शब्द न् शब्द.”

“मग फोन का नाही केलास?”

लिओने काटा खाली ठेवला. “अगं बाई, फोन करू कुठून? तिथे फोन लागत असता तर ते डबडं घेतलं असतं कशाला?”

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. मी कपाळाला हात लावला. खाडी कड्याच्या आड आहे, तिथे फोनच्या सिग्नलचा एक ठिपकाही येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. आमचा मनोरा टेकडीवर, थेट खाडीसमोर, म्हणून तर टीव्ही लागतो. आणि आम्ही दोघं, जन्म काढलेले प्रसारणवाले, चार दिवस त्या माणसांना सांगत होतो की फोन करा.

“घरी गेल्यावर करायचा,” इल्मा म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं.

“घरी गेल्यावर मी झोपतो. आणि ‘बघत असाल तर’ लिहिलं होतंस. घरी कुठे बघतो मी?” लिओ म्हणाला. “आम्ही सगळे येऊन सांगू का त्या भुताला?”

“तो म्हणेल, शेजारपाजार गोळा करून आणला.”

रेनो कोबीची कोशिंबीर खात होता. सगळे हसले तेव्हा तोही हसला, बहिरी माणसं हसतात तसा, एक क्षण उशिरा. मग त्याने इल्माच्या ताटातला लिंबाचा तुकडा उचलून आपल्या माशावर पिळला. लिओ त्याच्याकडे बघत होता. काहीतरी सांगावं अशा बेताने त्याने तोंड उघडलं, मग पाव घातला त्यात.

शनिवारी कॉलिन नव्या चॅनलचं काम बघायला आला होता. मीही होतो, संध्याकाळच्या हवामानासाठी. दुपार उतरायला लागली होती, आभाळ स्वच्छ, बर्फावर लांब सावल्या. आमच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून सगळी खाडी दिसते. इल्मा तिथे उभी होती, हातांची घडी, आणि नजर खोपट्यांवर.

“कॉलिन,” ती एकदम म्हणाली, “इकडे या. गॉर्डी, तुझी दुर्बीण दे त्यांना.”

मी दिली. आभाळ बघायला ठेवतो मी, आणि शेजारणी बघायला ठेवतो असं बायको म्हणते.

“काय बघू?” कॉलिन म्हणाला.

“प्रत्येक खोपट्याबाहेर आणखी भोकं आहेत, त्यांवर गळ लावलेत. मासा लागला की छोटा नारिंगी झेंडा टणकन् वर उडतो. आत्ता एकही वर नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“बघत राहा.”

ती खाली कंट्रोल रूममध्ये गेली. मीही गेलो. तिने बसायचीसुद्धा वाट बघितली नाही, उभ्या उभ्या टाइप केलं, ‘हे आपण खिशातल्या टीव्हीवर वाचत असाल तर आत्ता, या क्षणी, बाहेर जाऊन झेंडे वर करा. इल्मा.’ पट्टीवर स्वतःचं नाव तिने कधी लिहिलं नव्हतं. आम्ही जिना चढून वर आलो. मला धाप लागली, तिला नाही.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. कॉलिनने खाकरून घेतलं. मला वाटतं तो काहीतरी चांगलं, समजुतीचं बोलायच्या तयारीत होता.

मग एका निळ्या खोपट्यातून एक ठिपका बाहेर आला. वाकला. झेंडा वर. पुढे जाऊन वाकला, दुसरा झेंडा वर. तोवर पलीकडच्या खोपट्यातून एक निघाला, मग काठाजवळच्या दोन खोपट्यांतून दोन. लिओ तर चक्क धावत होता, त्याची टोपी पडली. बघता बघता खाडीभर नारिंगी ठिपके झाले. मी उगीच डोळे चोळले. म्हातारपणी असं काही दिसलं की त्रास होतो.

“अरे देवा!” कॉलिन म्हणाला. तो हसत होता, सर्कशीतल्या पोरासारखा. “अरे, आहेत की! इल्मा, केवढी माणसं आहेत! मी आत्ता फोन करतो वर. घरी असतील तरी उठवतो. बर्फ निघेपर्यंत ना? मागतो.”

“रेनोचा नाही,” इल्मा म्हणाली.

“काय?”

“हिरवं खोपटं. सगळ्यात लांबचं. त्याचा झेंडा नाही.”

मी दुर्बीण घेतली. खरंच, हिरव्या खोपट्याबाहेर सगळं सपाट होतं. धुरांड्यातून धूर येतोय की नाही, तेही कळेना.

“झोप लागली असेल त्यांना,” कॉलिन म्हणाला.

इल्मा पुन्हा खाली गेली आणि तिने लिहिलं, ‘रेनो, झेंडा.’ एवढंच. वर आली. आम्ही तिघं त्या खिडकीत उभे राहिलो. हिरव्या खोपट्याचं दार उघडलं नाही. मागच्या थंडीत पलीकडच्या गावी एक माणूस शेगडीच्या धुराने बसल्या जागी गेला होता, हातात गळ तसाच. ते मला आठवलं आणि तिलाही आठवलं असणार, कारण तिने कोट घातला तो उलटा.

“चल, मी गाडी काढतो,” मी म्हटलं.

रस्त्यात ती एकच वाक्य बोलली. “पट्टी वाचली नाही असं त्याने कधी केलेलं नाही, गॉर्डी.” मी हो म्हटलं. काठावर गाडी लावली आणि चालायला लागलो. बर्फावर चालताना घाई करता येत नाही, करावीशी वाटली तरी. दोन्ही बाजूंना झेंडे उभे होते आणि माणसं आपापल्या दारात, आमच्याकडे बघत. कोणीतरी ओरडून विचारलं, “जमलं का?” इल्मा थांबली नाही. मी मनात म्हणत होतो, देवा, एवढं करू नकोस, बाकी सगळे काऊबॉय पाठव.

तिने दार ओढलं.

रेनो उलट्या बादलीवर बसून सॉसेज कापत होता. पायात नुसते मोजे. शेगडी मंद, वरची झरोक्याची फट उघडी, सगळं व्यवस्थित. आम्हाला बघून त्याच्या हातातलं सॉसेज पडलं.

“काय झालं? स्टेशन जळलं?”

इल्माने त्याच्या खांद्यावर हातमोजा मारला. मग दुसऱ्यांदा मारला. मग तिसऱ्यांदा हात नुसताच त्याच्या खांद्यावर राहिला आणि ती रडली. मी दाराबाहेर तोंड केलं. तोवर लिओ टोपी झटकत आला होता.

“टीव्ही कुठाय?” इल्मा म्हणाली. रेनोला ऐकू गेलं नाही. तिने दोन्ही हातांनी चौकोन दाखवला. “टीव्ही! टीव्ही कुठाय तुझा?”

रेनोने लिओकडे बघितलं. लिओने आभाळाकडे बघितलं. मग रेनोने सुरीचं टोक बर्फातल्या भोकाकडे केलं.

“खाली.”

“खाली म्हणजे?”

“पडला. ट्राउट मासा ओढत होतो, कोपर लागलं. चालू होता तेव्हा. मासे बघत असतील.”

“कधी पडला?”

“मागच्या थंडीत. नाताळ झाल्यावर.”

इल्मा शेगडीशेजारच्या दुसऱ्या बादलीवर बसली. हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. गेली थंडी आणि ही थंडी. एवढ्या सगळ्या दिवसांची पट्टी.

“मग पाव?” ती म्हणाली. “औषध? वारा सुटला की यायचास तो?”

“मी सांगायचो,” लिओ म्हणाला. त्याने टोपी हातात घेतली होती. “पट्टीवर आलं की मी येऊन त्याच्या कानात ओरडायचो. मी नसलो तर पलीकडचा यायचा. आम्ही वाटून घेतलं होतं. ससाण्याचंही सांगितलं मी. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं आलं होतं गेल्या महिन्यात, तेही मीच सांगितलं, बाई. मला लाज वाटली, पण सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.”

“आणि आज झेंडा?”

“त्याला टीव्ही नाही, मग झेंडा कसा लावू? तू लिहिलं होतंस, वाचत असाल तर. खोटं झालं असतं. नंतर काही आलं असेल तर आम्ही सगळे बाहेरच होतो.”

मला हसू आलं आणि मी ते खोकल्यात घातलं. इल्मा रेनोकडे वळली. आता तिला राग आला होता, आणि तो तिला शोभत होता. ती त्याच्या कानाशी गेली.

“मला का नाही सांगितलंस?”

“हं?”

“का नाही सांगितलंस मला!”

रेनोने सुरी पँटला पुसली. बहिरा माणूस आपला आवाज मोजू शकत नाही, त्यामुळे तो जे बोलला ते साऱ्या बर्फाने ऐकलं.

“सांगितलं असतं तर तू लिहिणं बंद केलं असतंस. घरी तू काय बोलतेस? जेव, दिवा घालव. इथे बरंच बोलतेस.” तो थांबला. “लिओचा आवाज वाईट आहे. पण बोलणं तुझं असतं.”

मी तिला इतकी वर्षं ओळखतो, ती दमलेली मी रोज बघतो, पण तसं दमलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं. अनेक वर्षं उचललेलं काहीतरी खाली ठेवावं तशी ती परत बादलीवर बसली. रेनोने सॉसेजचा एक तुकडा तिच्यापुढे केला. तिने घेतला आणि खाल्ला.

लिओ आपल्या खोपट्याकडे गेला होता. परत आला तेव्हा दाराशी उभा राहिला, आत येईना. हातात त्याचा छोटा टीव्ही होता, दांडी वर काढलेली.

“बाई,” तो म्हणाला, “तुझ्यासाठी आलंय.”

“मी इथे आहे. लिहिणार कोण?”

“त्या भुताने लिहिलंय. इथे फोन लागत नाही हे कळलं असेल त्याला.” लिओने टीव्ही डोळ्यांजवळ धरला आणि पोस्टात पाकिटावरचा पत्ता वाचावा तसं सरळ वाचलं. “इल्मा कोस्केला यांच्यासाठी. वरून नाही म्हणाले. करारावर सह्या झाल्यात. झेंड्यांचं सांगितलं, तरी नाही. उद्या सकाळी बंद. मला फार वाईट वाटतं. रेनो ठीक आहेत ना? कॉलिन.”

बाहेर कोणीतरी झेंडा खाली घातला असावा. गळाची तार खणकली. इल्मा शेगडीकडे बघत राहिली. मला कॉलिनचा राग आला नाही, आणि तेच जास्त वाईट. सगळा दोष ज्याच्यावर टाकावा असा माणूस सापडत नाही हल्ली.

“काय म्हणतोय?” रेनोने विचारलं.

लिओ सवयीने पुढे झाला, वाकला, छातीत हवा भरली.

“थांब, लिओ,” इल्मा म्हणाली. “मी सांगते.”

ती उठली, रेनोच्या टोपीची कानपट्टी वर केली आणि सांगितलं.

“हं?”

तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. बंद होतंय, उद्यापासून पट्टी नाही, कोणी येऊन काही सांगणार नाही. रेनोने अर्धंच पकडलं, डोकं हलवलं. तिसऱ्यांदा ती इतकी ओरडली की आजूबाजूच्या खोपट्यांची दारं उघडली आणि माणसं झेंड्यांमध्ये उभी राहून ऐकायला लागली. तिचा आवाज मध्येच फाटला. पण वाक्य तिने पूर्ण केलं.

या वेळी त्याला कळलं. त्याने भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघितलं.

“मग आता?” तो म्हणाला.

इल्माने बादली ओढून त्याच्या अगदी जवळ घेतली, बसली, आणि गळ्यातला रुमाल सोडला.

“आता ओरडते,” ती म्हणाली.

“हं?” म्हणत रेनोने कान पुढे केला.